सोनकी की कॉसमॉस?

भाद्रपद उजाडला की उल्हासनगर कॅम्प ५ मधून नेवाळीमार्गे मलंगगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्यांचे मोबाइल फुलांच्या छायाचित्रांनी भरतात. पिवळे दिसले की सोनकी, एवढेच बहुतेकांचे फूलज्ञान. ते आता पुरत नाही.

कॉसमॉस हे मूळचे मेक्सिकोकडचे, बागेसाठी आणलेले फूल. पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला आज त्याचे ताटवे पसरले आहेत. ओळखण्यासाठी फुलाआधी पान पाहावे. सोनकी बुटकी, तिचे पान अखंड, कडेला दातेरी. कॉसमॉस कमरेएवढे किंवा त्याहून उंच वाढते, पान झेंडूसारखे चिरलेले. बी काळपट सुईसारखे. कपड्यांना चिकटून ते पुढच्या डोंगरावर पोहोचते. त्यात डोंगर सुंदर करायचा म्हणून कोणी मुद्दाम बी उधळत असेल, तर ती हौस थांबलीच पाहिजे. घाणेरीही अशीच शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका खंडातून कोलकात्याच्या बागेत आली. आज तिच्या जाळीखाली गवताला जागा उरत नाही आणि तिचा पाला खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते.

मात्र परके ते वाईट आणि आपले ते निर्धोक, असा सोपा हिशेब आरोग्याच्या बाबतीत चालत नाही. कळलावी अस्सल इथलीच. पाकळ्या उलट्या वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबून आधाराला विळखा घालते. तिच्यातले कोल्चिसीन मोजून दिले तर संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे. पण कंद पोटात गेला तर आधी उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंड आणि रक्तपेशींवर घाला. माणूस दगावूही शकतो. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मोबाइलमधले ॲप फोटोवरून नाव सुचवते. ते पातेल्यात टाकण्याइतके भरवशाचे नसते. फक्त फुलाचा फोटो तर फारच अपुरा. पान दोन्ही बाजूंनी, खोड आणि सबंध झाड टिपावे, उपटू नये. रानभाजीबाबत बदलापूरच्या बाजारात शेवळांबरोबर काकडे घ्यायला सांगणाऱ्या आदिवासी बाईचा शब्द ॲपपेक्षा मोलाचा. काकड्याशिवाय शेवळे घशाला खाजतात हे तिला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

अनोळखी कंद किंवा फळ कोणी खाल्लेच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. कळलावीची लक्षणे दिसायला काही तास लागू शकतात. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.