हजेरीपटावर अकुशल

जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचे नाव! आनंदच झाला. पण मैत्रिणींनो, आज एखादी बहिणाबाई देशी झाडांचे काम मागायला आली, तर तिला कोणती जागा मिळेल? रोपवाटिकेत पिशव्या भरायची. रोजंदारीवर.

जळगाव-धुळ्याच्या शाळांत मी देशी झाडांची ओळख शिकवते. मला येते त्यातले अर्धे यावल-चोपड्याकडच्या पावरा आणि तडवी बायांकडून आलेले आहे. मोहाचे बी ताजेच पेरावे लागते, साठवले की मरते. अंजनाचे मूळ सरळ खोल जाते. रोप पिशवीत फार दिवस राहिले की मूळ आतच गुंडाळते. अंजनाला दरवर्षी भरपूर शेंगा येत नाहीत. यंदा आल्या का, हे आधी बायांनाच कळते, कारण गुरांसाठी पाला आणायला त्याच जातात. याला कौशल्य नाही तर काय म्हणायचे? हजेरीपटावर मात्र त्या अकुशल!

वनीकरणात वर्षानुवर्षे गिरिपुष्प लावले गेले. झाड मूळचे मध्य अमेरिकेचे. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जगवायला सोपे. सोपे कुणाला? चाऱ्यासाठी आणखी दोन मैल चालणारीला कुणी विचारले होते?

एका कार्यालयात मुलाखतीत मला विचारले, ‘बाई, रानात एकट्या कशा हिंडणार?’ सरपणाची मोळी घेऊन रोज रानातून येणारीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पगार आला की रान धोक्याचे होते, फुकट राबायचे असले की तेच रान बाईचे घर!

2002 च्या कायद्याने गावोगाव जैवविविधता समित्या आल्या. 2004 च्या नियमांनी त्यांत एक तृतीयांश स्त्रिया नेमायला सांगितले. झाडापाल्याच्या ज्ञानाची नोंदवही करायची होती. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत झाडाचे लॅटिन नाव बिनचूक, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात बाईच्या नवऱ्याचे नाव. (तो तेव्हा सुरतेला कामावर होता.)

म्हणून मागणी साधी आहे. बी ओळखणारीला कुशल कामगाराची मजुरी द्या. रोपवाटिकेची प्रमुख म्हणून तिला नेमा, दहावीचा दाखला न मागता. तिच्या मुलीला वनस्पतिशास्त्र शिकायला शिष्यवृत्ती द्या आणि शिकून आल्यावर नोकरी याच तालुक्यात द्या. मोहाचे बी पावसाच्या तोंडावर पडते. त्याआधीच्या ग्रामसभेत नोंदवही मागवा आणि प्रत्येक पान बायांसमोर मोठ्याने वाचायला लावा.