पवईचं फाटक

9 जून 2024. रविवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या शहाडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरून एकदम गलका ऐकू आला आणि तितक्याच एकदम थांबला. जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला होता. तासाभराने वरचे गृहस्थ मोबाइल हातात धरून आमच्याकडे आले. ते इथल्याच रेयॉन कारखान्यात पाळीला जातात. मी बँकेत अधिकारी होतो आणि दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे कागदपत्रांतलं आणि जगातलं मला सगळंच कळतं असा त्यांचा समज आहे. मीही तो कधी खोडून काढलेला नाही.

"काका, पोरीचा रँक अकरा हजारांच्या पुढे गेला. पवई काही मिळत नाही आता."

हे त्यांनी इतक्या पडलेल्या आवाजात सांगितलं, की हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणी गेलं का हो?"

बँकेची सवय, म्हणून मी आधी आकडे मांडले. त्या वर्षी जेईई मेन या पहिल्या चाळणीला चौदा लाखांहून अधिक मुलं बसली होती. त्यातून वर येऊन अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर देणारी मुलं 1,80,200. पात्र ठरलेली 48,248. देशातल्या 23 आयआयटींत मिळून जागा 17,740. म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची ही मुलगी चौदा लाखांतल्या पहिल्या एक टक्क्यात होती. आणि घरात सुतक.

पवईची आयआयटी 1958 साली सुरू झाली तेव्हा तिला स्वतःचं घर नव्हतं. पहिल्या तुकडीचे वर्ग वरळीला भरले, ते 'सस्मिरा' या कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत. पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली ती 10 मार्च 1959 रोजी. हे कृत्रिम रेशीम म्हणजेच रेयॉन, ज्याच्या कारखान्याभोवती आमचं शहाड वाढलं. पवईचं आणि आमचं हे नातं शहाडमध्ये फारसं कुणाला ठाऊक नाही. त्या पहिल्या तुकडीत शंभर जागा होत्या आणि अर्ज आले होते चौतीसशेहून अधिक. चौतिसांत एक.

आज हे प्रमाण काय? कुणाला मोजता त्यावर आहे. अ‍ॅडव्हान्स्डला बसलेल्यांतून कुठलीही आयआयटी धरली, तर दहांत एक. मेनपासून मोजलं, तर ऐंशीत एक. आणि मेनला बसलेल्या प्रत्येकाला पवईच हवी असं धरलं, तर तिथल्या पदवीच्या तेराशे-चौदाशे जागांसाठी हजारांत एक. तिन्ही आकडे खरे आहेत. क्लासच्या जाहिरातीत कुठला छापायचा आणि पोराला झापताना कुठला वापरायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेत हार्वर्ड आता शंभर अर्जांतले जेमतेम चार घेतं, बाकीच्यांना नकार देतं, आणि हा नकारच तिथे मोठेपणाची खूण झाला आहे. आपण त्यांच्या मागे नाही.

पण तेवीस आयआयटी असताना सगळ्यांना पवईच का हवी? अलीकडच्या वर्षांत देशातल्या पहिल्या शंभरांपैकी साठ-सत्तर मुलं पवईला जातात. तिथली कॉम्प्युटर सायन्सची खुली जागा साधारण सत्तराव्या रँकच्या आत संपते. यात प्राध्यापकांचा वाटा आहे, प्रयोगशाळांचा आहे, मुंबईचाही आहे. तरी मला सहकारी बँकेसमोरची रांग आठवते. चार माणसं पैसे काढायला उभी राहिली की पाचवा 'काहीतरी असणार' म्हणून उभा राहतो. संध्याकाळपर्यंत खरंच काहीतरी झालेलं असतं. इथे ती रांग उलटी आहे, आत शिरणाऱ्यांची. हुशार मुलं जातात म्हणून हुशार मुलं जातात. संस्था आत काय शिकवते हा प्रश्न रांगेतलं कुणी विचारत नाही.

बँकेत आम्हाला सुरुवातीलाच पत आणि तारण यांतला फरक शिकवत. ज्याच्याकडे सोनं आहे त्याला सोन्यावर कर्ज देणं यात अधिकाऱ्याचं कसब ते काय? माणूस ओळखून, धंदा बघून, तारण कमी असताना कर्ज द्यायचं आणि ते फेडून घ्यायचं, ही बँकिंगची परीक्षा. चौदा लाखांतून आधीच सिद्ध झालेली तेराशे-चौदाशे मुलं घ्यायची आणि चार वर्षांनी ती हुशार निघाली म्हणून संस्थेचं कौतुक करायचं, हे मला शंभर टक्के तारणावरच्या कर्जासारखं वाटतं. पवईत चांगलं शिकवत नाहीत असं मी म्हणत नाही. चांगलं शिकवतात की नाही हे रँकवरून कळत नाही, एवढंच म्हणतो. नोकऱ्यांचे आकडेही बघा. 2023-24 च्या प्लेसमेंटमध्ये पवईचा सरासरी वार्षिक पगार साडेतेवीस लाख होता. तो पेपरांत ठळक आला. नोकरीसाठी उभ्या राहिलेल्या चौघांतल्या एकाला त्या फेरीत नोकरी मिळाली नाही, हे त्याच अहवालात होतं.

आता हे तारण कसं उभं राहतं, ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलं आहे. शैक्षणिक कर्ज कॉलेजच्या प्रवेशासाठी मिळतं, अकरावी-बारावीच्या क्लाससाठी नाही. मग माणसं काय करतात? घरदुरुस्तीसाठी पीएफमधून पैसे काढतात. बायकोच्या पाटल्या ठेवतात. दोन सहकाऱ्यांना जामीन घेऊन पतपेढीतून उचल करतात. कल्याण-डोंबिवलीकडच्या शाखांत असताना घरदुरुस्तीचे असे कित्येक अर्ज माझ्या सहीने मंजूर झाले. त्यातल्या काही घरांत पुढे जाण्याचा योग आला. भिंतींचा पोपडा तसाच होता. टेबलावर मात्र क्लासच्या जाड पुस्तकांचा ढीग. क्लासच्या फीवर अठरा टक्के जीएसटी आहे, कॉलेजच्या फीवर नाही, हा आणखी एक विनोद. 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार तर सगळ्यांना माहीत आहे: नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. तो रोखायला राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठ्याने हजेरी लागते, पण मन क्लासमध्ये असेल तर अंगठा काय करणार?

दुसऱ्यांबद्दल लिहायला मला सोपं जातंय. माझ्या मुलाने 2008 साली ही परीक्षा दिली. त्या आणि पुढच्या वर्षात मिळून आठ नव्या आयआयटी निघाल्या, जागा वाढल्या, पण तो यादीत नव्हता. संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "दोन वर्षांत किती गेले, हिशेब केलास?" मी रागावलो नव्हतो. खरंच हिशेब विचारला होता, बँकेतल्या आवाजात. त्याने राज्याच्या सीईटीतून इंजिनिअरिंग केलं आणि आज त्याचं उत्तम चाललं आहे. पण घरातल्या कुठल्याही खर्चाचा विषय निघाला की तो अजून आधी आकडा सांगतो, मग बोलतो. ही सवय माझ्याकडून गेलेली नाही. त्या संध्याकाळची आहे.

एवढं असूनही मराठी मध्यमवर्गाचा या परीक्षेवर जीव का आहे, हे मला समजतं. इथे वशिला चालत नाही. मंत्र्याच्या पोराला आणि पाळीवाल्याच्या पोरीला एकच पेपर. आमच्या पिढीने एवढी स्वच्छ खिडकी फार ठिकाणी पाहिली नाही. मनोहर पर्रीकर शाळेत मराठीतून शिकले आणि 1978 मध्ये पवईहून धातुशास्त्राचे इंजिनिअर होऊन बाहेर पडले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण मराठी माध्यमातल्या मुलाला आज काय दिसतं? जेईई मेन 2021 पासून मराठीतूनही देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. अंगणाचं दार मराठीत उघडतं आणि माजघराच्या दाराशी भाषा बदलते.

खिडकी स्वच्छ आहे, पण ती बंदही फार वेळेवर होते. 2021 मध्ये एका दलित मुलाला पवईत सिव्हिलची जागा मिळाली. आधी फीचे पैसे कमी पडले, बहिणीने ते दिले, तर कार्डावरून भरताना तांत्रिक अडचण आली आणि मुदत टळली. मुलगा उसनवारी करून थेट खरगपूरला जाऊन आला. उच्च न्यायालयातही हरला. शेवटी 22 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागा द्यायला लावली. 2024 मध्ये धनबादच्या आयआयटीच्या बाबतीत पुन्हा तेच, तेव्हा प्रश्न साडेसतरा हजार रुपयांचा होता. आमच्या बँकेत रक्कम उशिरा आली तर दंड लागे, खातं मरत नसे. लाखांतून पोरगं निवडायला दोन वर्षं घेणाऱ्या व्यवस्थेला त्याच्या साडेसतरा हजारांसाठी दोन दिवस थांबता येत नाही?

आणि या पवईच्या गजरात आपलं घरचं सोनं आपण विसरलो. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, 1887 सालची. तिथेच यूडीसीटी, जी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली आणि 2008 पासून आयसीटी म्हणून ओळखली जाते. रघुनाथ माशेलकर 1966 मध्ये तिथूनच केमिकल इंजिनिअर झाले. मुकेश अंबानींनी तर आयआयटी सोडून ही संस्था निवडली, असं स्वतः सांगितलं आहे. 2025 मध्ये त्यांनी तिला 151 कोटी रुपये दिले. माटुंग्याच्या या दोन संस्थांत प्रवेश मिळणं सोपं आहे असं नाही, तिथेही चुरस आहेच. पण "माटुंगा मिळालं" म्हणून आमच्याकडे पेढे वाटताना मी हल्ली कुणाला पाहिलेलं नाही. "पवई हुकली" एवढंच कानावर येतं.

त्या रविवारी वरचे गृहस्थ दीड तास बसले. मुलींसाठीच्या जास्तीच्या जागांमुळे दूरच्या एखाद्या नव्या आयआयटीत तिला काही तरी मिळण्यासारखं होतं. नातेवाइकांचा आग्रह तोच होता. शाखा कुठलीही असो, शिक्का मिळतो ना! मी मुलीलाच खाली बोलावलं आणि विचारलं, तुला काय शिकायचंय? ती जरा वेळ गप्प बसली. हा प्रश्न दोन वर्षांत तिला कुणी विचारला नसावा. मग म्हणाली, "केमिकल. बाबांच्या कपड्यांना जो वास येतो ना, तो कसला ते मला लहानपणापासून शोधायचंय."

बाप तिच्याकडे बघत राहिला. मी फीच्या तारखा कागदावर लिहून दिल्या आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, एवढं बजावलं.

ती आयसीटीत गेली. सकाळची फास्ट गाडी पकडते, दादरला उतरून स्लोने एक स्टेशन मागे माटुंग्याला येते. वाटेत कांजूरमार्ग लागतं. तिची गाडी तिथे थांबत नाही.