'नदाल हरला' या वाक्यातील कर्ता

३१ मे २००९ रोजी पॅरिसच्या रोलाँ गारोवर फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीचा एक सामना झाला. त्याचा निकाल मराठीत दोन प्रकारे सांगता येतो. 'नदाल हरला' हे एक वाक्य आणि 'सॉडरलिंगने नदालला हरवले' हे दुसरे. पहिला कर्तरी प्रयोग. क्रियापद नदालच्या मागून मुकाट चालते. दुसरा भावे प्रयोग. जिंकणाऱ्याला 'ने' लागतो, हरणाऱ्याला 'ला', आणि क्रियापद दोघांपैकी कुणाचेच ऐकत नाही. टेनिसच्या इतिहासाने यांपैकी पहिले वाक्य पाठ केले. आमच्या मते ही निवड केवळ व्याकरणाची नाही. एखाद्याची कारकीर्द कशी वाचावी, हा समीक्षेचा जुना प्रश्न तिच्यात आहे.

पहिल्या वाक्याला आधार भक्कम आहे, हे मान्यच करावे लागेल. राफाएल नदाल २००५ पासून तेथे अजिंक्य होता. ३१ सामने खेळला आणि ३१ जिंकला. पुढे २०२४ पर्यंत त्याने त्या मातीवर १४ विजेतेपदे मिळवली, ११२ सामने जिंकले आणि अवघे चार गमावले. त्या चारांतला पहिला पराभव स्वीडनच्या रॉबिन सॉडरलिंगने केला. नदालने २००९ ची स्पर्धा जिंकली असती, तर बियाँ बोर्गचा सलग चार विजेतेपदांचा (१९७८ ते १९८१) विक्रम त्याच वर्षी मोडला असता. बोर्गही स्वीडनचाच. परिणामी सॉडरलिंगच्या विजयाची नोंद नदालच्या खात्यात अपवाद म्हणून झाली आणि बोर्गच्या खात्यात राखणदारी म्हणून. अंतिम सामन्यात त्याला नमवून रॉजर फेडररने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकण्याचे वर्तुळ पूर्ण केले, तेव्हा तर तो तिसऱ्याच कथेतले निमित्त ठरला.

आता दुसरे वाक्य वाचून पाहू. त्या सामन्याच्या काही आठवडे आधी रोममध्ये नदालने सॉडरलिंगला ६-१, ६-० असे लोळवले होते. पॅरिसमध्ये त्याने नदालला ६-२, ६-७, ६-४, ७-६ असे हरवले. यामागे एक विचार होता. नदालचा टॉपस्पिन चेंडू मातीवरून उसळून खांद्यापर्यंत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला मागे रेटतो. सहा फुटांहून बराच उंच असलेला सॉडरलिंग मागे हटला नाही. खांद्याच्या उंचीवरच्या चेंडूला त्याने सपाट, जोरकस फटक्यांनी उत्तर दिले. २००० साली याच स्पर्धेचा उपविजेता ठरलेला मॅग्नस नॉर्मन त्याचा प्रशिक्षक होता. पुढच्या फेऱ्यांत त्याने दाविदेंको आणि गोन्झालेझ यांनाही हरवले. २०१० मध्ये त्याच स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत त्याने फेडररला नमवले. त्याआधी तो फेडररकडून बारा वेळा हरला होता, एकदाही जिंकला नव्हता. त्या विजयाने फेडररची सलग २३ ग्रँड स्लॅम उपान्त्य फेऱ्यांची मालिका खंडित झाली. त्याच वर्षी त्याने पॅरिस मास्टर्स जिंकली आणि तो जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी पोहोचला. एकदाच घडते त्याला अपघात म्हणता येईल. दोन वर्षे टिकते त्याला शैलीच म्हणावे लागते.

यावर आक्षेप येईल की, खेळात शेवटी मोजदाद असते आणि दोन्ही वर्षी अंतिम सामना सॉडरलिंग हरलाच. खरे आहे. त्याला बोर्ग, विलँडर, एडबर्ग यांच्या पंक्तीत बसवा, असे आमचे म्हणणे नाही. त्याचा कर्ण करण्याचा मोहही टाळावा. पराभूताला अन्यायग्रस्त ठरवून डोळे ओले करण्याची सवय आपल्या वाचकवर्गाला बरीच आहे. सॉडरलिंगवर अन्याय झाला नव्हता. तो गोड स्वभावासाठीही प्रसिद्ध नव्हता. २००७ च्या विम्बल्डनमध्ये त्याने भर कोर्टवर नदालच्या लकबीची नक्कल केली होती. आमची मागणी माफक आहे: त्याची कारकीर्द त्याचीच म्हणून वाचावी.

तसे वाचले की तिचा शेवट दिसू लागतो. जुलै २०११ मध्ये बोस्टाड येथील स्वीडिश ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने दाविद फेररला ६-२, ६-२ असे हरवले. सत्ताविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. यानंतर तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. मोनोन्यूक्लिओसिसच्या आजाराने शरीर ढासळले. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. २०२० मध्ये तो उघडपणे बोलला, तेव्हा कळले की आजारासोबत तीव्र चिंता आणि भीतीचे झटकेही होते, आणि यशाबरोबर वाढत गेलेले अपेक्षांचे ओझे त्याला पेलेनासे झाले होते. ज्या विजयांसाठी जग त्याला ओळखते, त्यांनीच हे ओझे वाढवले होते. 'नदाल हरला' या वाक्यात ही गोष्ट मावत नाही, कारण ते वाक्य त्या संध्याकाळीच संपते. सॉडरलिंगला मात्र दुसऱ्या दिवशी उठून सरावाला जायचे होते.

साहित्याच्या अध्यापनात हीच सवय राजरोस चालते. कुणी अमक्याचा पूर्वसूरी, कुणी तमक्याचा समकालीन, कुणी एका कवितेपुरता कवी, असे म्हणत आपण मोठ्यांच्या प्रकरणांत धाकट्यांना परिच्छेदापुरती जागा देतो. श्रेणी लावायला हरकत नाही. पण ती वाचनाच्या आधीच लावली, तर वाचायचे काही उरत नाही. भावे प्रयोगातले ते दुसरे वाक्य थोडे लांब आहे, उच्चारायला जड आहे. पण त्यात दोन माणसे आहेत.