विश्लेषण : डीएनएमध्ये परग्रहवासीयांचा संदेश?

मानवी डीएनएमध्ये परग्रहवासीयांनी संदेश दडवल्याचा दावा अधूनमधून डोके वर काढतो. त्यासाठी ‘इकारस’ या नियतकालिकातील २०१३ च्या शोधनिबंधाचा दाखला दिला जातो.

दावा काय?
कझाकस्तानमधील व्लादिमीर श्चेरबाक आणि मॅक्सिम माकुकोव्ह यांना जनुकीय संकेतावलीतील ६४ कोडॉन आणि २० अमिनो आम्लांच्या मांडणीत ३७ या संख्येचे आकृतिबंध आढळले. हा योगायोग नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

संकेतावलीच का?
डीएनएमध्ये प्रत्येक पिढीत काही डझन नवे बदल होतात. त्यामुळे त्यात लिहिलेला मजकूर अब्जावधी वर्षे टिकणे कठीण. संकेतावली मात्र जिवाणूपासून माणसापर्यंत जवळपास एकच आहे. म्हणजे संदेश असलाच, तरी तो केवळ मानवी डीएनएमधला ठरत नाही.

आक्षेप कोणते?
हिशेब जुळवण्यासाठी प्रोलिन या आम्लातील एका हायड्रोजन अणूची जागा कागदोपत्री बदलावी लागते. शिवाय आकडेमोडीच्या वाटा अनेक असल्या, की एखादी संख्या वारंवार सापडतेच. आधी भाकीत, मग मोजणी हा विज्ञानाचा क्रम; येथे तो उलटा झाला आहे. म्हणूनच शोधनिबंध छापून येणे आणि दावा सिद्ध होणे, यांत गल्लत नको.