पत्रा फोडू नका, कागद फेकू नका

वाशी-तुर्भ्याच्या वस्त्यांत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या कारखान्यांवर जो 'सिमेंटचा पत्रा' दिसतो, त्यात बहुधा नुसते सिमेंट नसते. त्याला बळकटी देणारे धागे दगडाचे असतात. त्या दगडाचे नाव अ‍ॅस्बेस्टॉस.

दगडाचा धागा होतो कसा? जमिनीच्या पोटात मॅग्नेशियमयुक्त खडकांवर गरम पाण्याची क्रिया होऊन त्यांचे रूप पालटते. अशा रूपांतरित खडकांच्या भेगांत क्रिसोटाइल हे तंतुमय खनिज तयार होते. ते कापसासारखे पिंजता येते, त्याचे कापड विणता येते, आणि ते जळत नाही की कुजत नाही. म्हणून पत्रे, पाइप, बॉयलरची गुंडाळी, गाड्यांचे ब्रेक लायनर यांत ते वापरले गेले. आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यात ते सापडते. १९८६ पासून केंद्र सरकारने नवे खाणपट्टे देणे थांबविले, पण परदेशातून, विशेषतः रशियातून, माल येत राहिला. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली.

बंदीचे कारण धूळ. पत्रा शाबूत असेपर्यंत धागे सिमेंटमध्ये अडकलेले असतात. तो कापला, भोक पाडले, फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि तेथेच रुतून बसतात. त्यातून दम लावणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो. फुप्फुसाचा व त्याच्या आवरणाचा कर्करोगही होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या बायकांनाही हे रोग झाले आहेत.

हा रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कंत्राटदार निघून गेलेला असतो, कंपनीला टाळे लागलेले असते. मग 'मी तिथे होतो' हे सिद्ध कशाने करणार? २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा संविधानाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर मालकाने ठेवावी, असा आदेश दिला. अ‍ॅस्बेस्टॉसिस व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, त्याची भरपाई मागता येते. पण मालकाच्या कपाटावर विसंबू नका. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या, ईएसआयचे कार्ड, हजेरीचा पास, जुने एक्स-रे एका पिशवीत घालून घरी जपा. कारकुनी करणाऱ्याला ठाऊक असते, कागद नसेल तर खरे बोलणाराही खोटा ठरतो.

आणि घरात एवढे पाळा. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा नुसता पाहून ओळखता येत नाही, म्हणून जुना सिमेंटचा पत्रा धोक्याचाच समजा. त्यावर ड्रिल, करवत चालवू नका, ब्रशने घासू नका. काढावाच लागला तर आधी पाण्याने भिजवा, अखंड उतरवा, पोरांना लांब ठेवा. तुकडे भरावासाठी अंगणात टाकू नका. चूर सुकी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. डॉक्टरकडे गेलात तर केवळ खोकला सांगू नका. तुम्ही पूर्वी कोणते काम केले, तेही सांगा.