डेमो म्हणजे रद्दी नव्हे: क्वीनच्या १९७१च्या ध्वनिमुद्रणांची बाजू

१/ रॉक संगीताच्या इतिहासलेखनात एक खोड रूढ झाली आहे. बँडचे डेमो म्हणजे शिकाऊ हाताची रद्दी समजायची आणि इतिहासाचा आरंभ पहिल्या अल्बमपासून धरायचा. ही खोड मुळातच चुकीची आहे, हे ‘क्वीन’ या इंग्लिश बँडच्या दाखल्याने सिद्ध करता येते.

२/ आधी वस्तुस्थिती. १९७१ साली जॉन डीकन आला आणि फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर यांच्यासह चौघांचा संच पूर्ण झाला. हाती ना करार, ना पैसा. त्याच सुमारास लंडनच्या वेम्बली भागात ‘डी लेन ली’चा नवा स्टुडिओ उभा राहत होता. यंत्रे नीट चालतात का, एका दालनातला आवाज दुसऱ्यात झिरपतो का, हे पाहण्यासाठी दणदणीत वाजवणारे कोणीतरी हवे होते. क्वीनने ते काम पत्करले. मोबदल्यात त्यांना ध्वनिमुद्रण फुकट मिळाले.

३/ त्यातून पाच गाणी हाती आली. ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ व ‘द नाइट कम्स डाउन’ ही मे यांची. ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ व ‘लायर’ ही मर्क्युरीची. तेव्हा मर्क्युरी अवघा पंचवीस वर्षांचा होता.

४/ पहिला अल्बम आला जुलै १९७३ मध्ये. त्याचे बहुतांश काम ट्रायडंट स्टुडिओत, इतर गिऱ्हाइके नसतील त्या उरल्यासुरल्या वेळात झाले. ‘तरीही तेच परिपक्व रूप’ असे म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: मग त्याच अल्बमवरचे ‘द नाइट कम्स डाउन’ डी लेन लीचे कसे? ट्रायडंटमधले नवे मुद्रण मनास येईना, म्हणून बँडने जुनेच कायम ठेवले. ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’बाबतही मे यांनी आपला कौल डेमोलाच दिला आहे. ज्यांची ती निर्मिती, त्यांनाच ती रद्दी वाटली नाही!

५/ परंतु खरा वाद ‘चांगले कोणते’ हा नाहीच. तो रसिकांचा प्रश्न. इतिहासाभ्यासकाचा प्रश्न वेगळा: त्या क्षणाची साक्ष कोण देते? १९७३चा अल्बम निर्मात्यांच्या, कंपनीच्या आणि पुनर्विचाराच्या हातांखालून गेलेला आहे. १९७१चा डेमो त्याआधीचा आहे. तोही निर्हेतुक नाही. करार मिळवण्यासाठीच तो केला होता. म्हणून त्याचीही साधनचिकित्सा व्हावी. पण चिकित्सा करण्यासाठी साधन आधी साधन म्हणून मान्य तर करावे लागेल!

६/ मराठी वाचकाला हे नव्याने सांगावे लागू नये. वि. का. राजवाडे यांनी वाईत सापडलेले कागद १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापले आणि बखरीपेक्षा अस्सल पत्राचे मोल अधिक, हे आपल्या मनावर ठसवले. त्याच वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी लागते. तिथल्या शाळेत फारुख बलसारा नावाचा झांझिबारचा मुलगा पियानो शिकला. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. पाचगणीचा अभिमान मिरवायचा आणि वाईचा धडा विसरायचा, ही विसंगती आपल्याला शोभत नाही.

७/ आता दुसरा धोका. हे पाचही डेमो २०११ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये पहिला अल्बम नव्याने मिसळून, ड्रम्सचा ध्वनी पालटून, गाण्यांचा क्रम बदलून पुन्हा आला. त्या संचात डेमोही नव्या मिश्रणात आले. कलावंताला हा अधिकार निःसंशय आहे, आणि ‘२०२४चे मिश्रण’ असे त्यावर प्रामाणिकपणे लिहिलेही आहे. मात्र ते १९७१चे साधन नव्हे. जुन्या पत्राचा तो सुवाच्य अक्षरात केलेला तर्जुमा आहे. वाचायला सोपा, पण पुरावा म्हणून दुय्यम.

८/ तेव्हा एवढेच करावे. २०११ची प्रत आणि १९७३चा अल्बम एकामागून एक ऐका. काय गळले, काय वाढले, ते टिपून ठेवा. मगच २०२४कडे वळा. क्रम उलटा केलात, तर कान नव्या आवाजाला सरावतील आणि जुना आवाज ‘चुकीचा’ वाटू लागेल. बखर आधी वाचणाऱ्याचे नेमके हेच होते.