तबल्याची हातोडी आणि विमानतळाचे दार

पंडित भीमसेन जोशी यांचे कार्यक्रम आज इथे तर उद्या दुसऱ्या टोकाला, म्हणून पु. ल. देशपांडे यांनी त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हटले. गायकाचे एक बरे असते. त्याचे वाद्य गळ्यात असते आणि गळा कोणी यंत्रात घालून तपासत नाही. पण त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसणाऱ्या तबलजीने आणि पेटीवाल्याने विमानतळाच्या दारात काय करावे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मंडळींचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच जिल्ह्यात, काकडी येथे, १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आपल्या जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह चालतात, संगमनेर ही तर अनंत फंदीची भूमी. अरणगावजवळच्या मेहेराबादला परदेशांतून भाविक येतात, त्यांतल्या काहींच्या खांद्यावर गिटार असते. भजनी मंडळातला पखवाजवादक विमानात बसणार हे आता नवल राहिलेले नाही.

वाचकहो, त्याच्या पिशवीत डोकावून पाहा. तबला म्हणजे लाकडाचा पोकळ ठोकळा. त्याच्या पुडीवरची शाई लोखंडाचा कीस घालून घोटलेली असते. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर असे जाड धातूचे भांडे काळपट दिसते आणि आतले काही कळत नाही. मग रक्षक म्हणतो, उघडून दाखवा. आता तबला ही काही झाकणाची पेटी नव्हे. वादी सोडून पुडी काढली की ती पुन्हा ताणून सुरात आणायला कारागिराचे हात लागतात. हे त्या बिचाऱ्या रक्षकाला कोणी शिकवलेले नसते.

हातोडीची कथा याहून सोपी. सुरक्षेच्या नियमांत हातोडी हे हत्यार आहे, ती हातातल्या सामानात चालत नाही. तबलजीच्या दृष्टीने मात्र ती सुराची किल्ली आहे, तिच्याविना गट्ठे हलत नाहीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते. यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी रंगात दिसतात आणि स्फोटकेही त्याच रंगात. तेव्हा फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा पाहून तपासनीस सावध झाला, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

खरोखरच नाही. ३० मे १९७२ रोजी इस्रायलमधील लोद विमानतळावर तिघा जपानी अतिरेक्यांनी २६ माणसे मारली. त्यांनी बंदुका आणल्या होत्या त्या व्हायोलिनच्या पेट्यांतून. आपल्याकडे १९८५ चे कनिष्क आणि डिसेंबर १९९९ चे कंदाहार कोण विसरेल? म्हणून कलावंताला तपासणीतून सूट द्या, ही मागणी मला मुळीच मान्य नाही. तबल्याला संशयातून वगळा असे नव्हे, तर तबला म्हणजे काय ते जाणून त्याची तपासणी करा, एवढेच मागणे आहे. त्यासाठी साधनेही आहेत. वस्तूवरून छोटे फडके फिरवून स्फोटकांचे कण शोधणारी यंत्रे विमानतळांवर असतात. तबल्यावरून ते फडके फिरवावे, पुडी शाबूत राहील.

तपासणी पार पडली तरी पुढे वजनकाटा उभाच असतो. हातातल्या सामानाची मर्यादा साधारणतः ७ किलो, आणि तबला-डग्ग्याचा जोड पिशवीसकट सहज त्यापुढे जातो. सतार-तानपुऱ्याची लांबीच आड येते. मग वाद्य विमानाच्या पोटात जाते, जिथे बॅगा फेकल्या जातात. २०१८ मध्ये सतारवादक शुभेंद्र राव यांची सतार दिल्ली-न्यूयॉर्क प्रवासात मोडली. २०१४ मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांचा सरोद लंडनहून येताना गहाळ झाला आणि काही दिवसांनी सापडला. या बातम्या झाल्या, कारण नावे मोठी होती. नेवाशाच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या मृदंगाचार्याचा पखवाज चिरला तर कोणते वर्तमानपत्र छापणार? त्याच्याकडे दुसरा पखवाज नसतो, आणि ज्या सप्ताहाला तो निघाला, तिथली बिदागीही बुडते. मला या साऱ्या प्रकरणात हेच सर्वाधिक खुपते.

अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा केला आणि २०१५ पासून त्याचे नियम लागू झाले. जागा शिल्लक असेल तर लहान वाद्य प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावे, कंपनीने नाकारू नये. आपल्याकडे २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद साऱ्या महाराष्ट्राला झाला. पण ज्या भोपळ्यामुळे मिरजेचा तानपुरा तसा घुमतो, त्या भोपळ्याची भिंत किती पातळ असते हे सामान चढवणाऱ्या हमालाला कोण सांगणार? मानांकनाचा कागद भोपळ्याला तडा जाण्यापासून वाचवीत नाही.

अर्थात वादकांनीही काही शिकावे. हातोडी, पक्कड, कात्री खाली जाणाऱ्या सामानात द्यावी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी नेलेली पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी, तिला खाली बंदी आहे. म्हणजे एकाच कलावंताची अर्धी सामग्री वर आणि अर्धी खाली. कणीक घरून मळून नेण्यापेक्षा मुक्कामी मळावी. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने चामड्याचे वाद्य आगमनाच्या वेळी जाहीर करावे, तेथे कातड्याचीही तपासणी होते. हे सारे आज आपण एकमेकांच्या तोंडून ऐकून शिकतो, आणि ऐकीव माहिती नेमकी दारात उभे असताना दगा देते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. शिर्डीच्या विमानतळाने मराठीत एका पानाची माहिती लावावी. कोणती वस्तू वर, कोणती खाली, आणि वाद्य उघडायचेच झाले तर ते मालकाच्या हाताने. एखाद्या दुपारी आपल्या जिल्ह्यातल्या चार वादकांना बोलावून रक्षकांसमोर ढोलकी, संबळ, पखवाज, पेटी मांडून दाखवावी. तासाभराचे काम आहे आणि त्याला मानधनही फार लागणार नाही. हलगीवाल्यालाही जरूर बोलवावे. त्याची हलगी तापवल्याखेरीज बोलत नाही, आणि आगपेटी विमानात चालत नाही. ती मात्र त्याला मुक्कामी उतरल्यावरच विकत घ्यावी लागेल.